फक्त रिंगा बदलून भागतं? आधी लायनर मोजा

जुना ट्रॅक्टर घेणाऱ्याला एक सल्ला हमखास मिळतो, पारावरही आणि मोबाइलवरही: धूर मारतोय म्हणजे रिंगा (पिस्टनभोवतीची कडी) गेल्या, 90 नंबरचं घट्ट ऑइल घालून हंगाम काढा, मग फक्त रिंगा बदला, लायनर (पिस्टन ज्यात वर-खाली होतो ती नळी) आणि पिस्टन बदलणं ही मिस्त्रीची कमाई, आणि काम झालं की इंजिन दिवसभर रिकामं चालू ठेवा. चारही गोष्टींत थोडंथोडं खरं आहे, म्हणून सल्ला टिकलाय. पैसे बुडतात ते उरलेल्या भागात.

"धूर म्हणजे रिंगा"

कोणता धूर, ते आधी बघा. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. एअर क्लीनर चोंदलाय, नोझल (डिझेल फवारणारा भाग) गळतंय किंवा डिझेल पंपाचं कंपनीने बांधलेलं सील तोडून डिझेल वाढवलंय. उसाच्या ट्रॉल्या ओढलेल्या ट्रॅक्टरात हे सील आवर्जून तपासा. पांढरा धूर सकाळी गार इंजिनात दोन-चार मिनिटं निघाला तर सोडून द्या. तापल्यावरही निघतोय आणि रेडिएटरचं पाणी घटतंय, तर हेडचं पॅकिंग किंवा लायनर बघा.

निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. पण ते रिंगांतूनच येतंय असं नाही. जुन्या ट्रॅक्टरांना ऑइल बाथ एअर क्लीनर, म्हणजे ऑइलच्या वाटीतून हवा गाळणारा, असतो. वाटीत खुणेच्या वर ऑइल भरलं की इंजिन ते ओढून घेतं आणि निळा धूर सोडतं. याची दुरुस्ती फुकटात होते. बराच वेळ आयडलवर ठेवून रेस दिल्यावर निळा भपका आला आणि लगेच विरला, तर संशय व्हॉल्व्ह गाइडवर (व्हॉल्व्हची दांडी ज्यात सरकते ती नळी). लोड वाढेल तसा धूर वाढतो आणि ब्रीदरमधून (इंजिनाच्या आतली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) भकभक वाफ येते, तेव्हा रिंगा. तापलेल्या इंजिनावर ऑइल भरायचं झाकण उलटं ठेवून बघा. ते नाचायला लागलं तर कॉम्प्रेशन खाली चेंबरमध्ये (ऑइलच्या टाकीत) उतरतंय.

खात्री कॉम्प्रेशन गेजनेच होते, आणि ते डिझेलचंच हवं. आकडा 25 ते 30 बारच्या घरात जातो, मोटारसायकलच्या गेजचं ते काम नाही. आधी टॅपेट लावा, म्हणजे व्हॉल्व्हची फट जुळवा (जुन्या ट्रॅक्टरांतल्या सिम्पसन कंपनीच्या तीन सिलिंडर इंजिनाला गार असताना 0.30 मिमी), बॅटरी पूर्ण चार्ज करा, सगळी नोझल काढा, मग सेल्फ मारा. एकच सिलिंडर बाकीच्यांपेक्षा दहा-पंधरा टक्के खाली असेल तर दुखणं त्यातच आहे. शेजारचे दोन एकदम खाली असतील तर आधी त्यांच्यामधलं पॅकिंग बघा. पेट्रोल इंजिनात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजतात, ती युक्ती इथे फसवते. पिस्टनच्या डोक्यावरच्या वाटीत ऑइल साचतं, जागा कमी होते आणि आकडा उगाच वाढतो.

"90 नंबरचं ऑइल घाला"

गिअर ऑइल आणि इंजिन ऑइल यांची नंबरांची मोजपट्टीच वेगळी. तापल्यावर 90 नंबरचं गिअर ऑइल इंजिनाच्या 40-50 नंबरइतकंच घट्ट असतं. म्हणजे घट्टपणाही फारसा मिळत नाही, आणि काजळी धरून ठेवणारी रसायनं त्यात नसल्याने ती रिंगांच्या खोबणीत जमते. वर त्यातलं गंधक पिस्टन पिनच्या तांब्याच्या बुशला खातं. घट्ट ऑइलने प्रेशरचा काटा वर चढतो खरा, पण बेरिंगमधली फट तेवढीच राहते. आपल्याला दिसेनाशी होते, एवढंच.

"फक्त रिंगा बदला"

सगळ्यात महाग पडतं ते हे. सिम्पसनच्या या इंजिनाचा बोअर, म्हणजे लायनरचा आतला व्यास, 91.44 मिमी. नव्या रिंगेच्या तोंडाची (दोन टोकांमधली) फट साधारण 0.35 मिमी धरू. लायनर 0.25 मिमी झिजला असेल तर घेर 0.25 गुणिले 3.14, म्हणजे जवळपास 0.79 मिमी वाढला. नवीकोरी रिंग तिथे बसवली की फट 1.1 मिमीच्या पुढे. पैसे नव्या रिंगेचे गेले आणि इंजिनात बसली झिजलेली रिंग.

वर दुसरा घोटाळा. लायनर झिजतो तो वरच्या रिंगेच्या प्रवासात. त्याच्या वरचा भाग कोरा राहतो आणि तिथे कड तयार होते. नख फिरवलं की अडकतं. जुनी रिंग त्या कडेशी घासून जुळलेली असते, नवीचा कोपरा धारदार असतो. तो कडेवर आपटतो आणि वरची रिंग तुटते.

बोअर गेज नसेल तरी झीज काढता येते. एक रिंग लायनरच्या तळाशी, जिथे रिंगा पोचत नाहीत तिथे, उलट्या पिस्टनने सरळ ढकला आणि फीलर गेजने फट मोजा. मग तीच रिंग वर, कडेच्या जरा खाली न्या आणि पुन्हा मोजा. फरकाला 3.14 ने भागलं की व्यासातली झीज. बोअर गेज असेल तर वर, मध्ये, खाली, क्रँकच्या दिशेने आणि आडवं असं मोजा, कारण लायनर सगळीकडून सारखा झिजत नाही. 0.20-0.25 मिमीच्या पुढे नव्या रिंगेचा हट्ट सोडा. नेमकी हद्द त्या मॉडेलच्या मॅन्युअलची.

पिस्टनही बघा. नवी रिंग खोबणीत बसवून शेजारी 0.15 मिमीची पट्टी शिरली तर पिस्टन बाद. अशी रिंग वर-खाली हलत ऑइल वर चढवते. झीज कमी, कड नाही, खोबणी घट्ट, असं असेल तर मात्र फक्त रिंगा आणि होनिंग (लायनरला आतून बारीक रेषा मारणं) हे काम चोख आहे. तिथे मिस्त्री अख्खं किट गळ्यात मारत असेल तर सल्ला देणाऱ्याचं खरं.

वेट लायनर (ज्याला बाहेरून रेडिएटरचं पाणी लागतं) असेल तर बाहेरची बाजू बघा. बोअरवेलचं क्षाराचं पाणी वर्षानुवर्षं घातलेलं असतं, पापुद्रा धरतो, बारीक छिद्रं पडतात. रबरी सील नवे घाला, बसायची जागा खरवडून साफ करा आणि लायनर ब्लॉकच्या किती वर राहतो ते डायल गेजने मोजा.

पिस्टन निघालेच आहेत तर क्रँकला मायक्रोमीटर लावा. हाफ इंजिन (क्रँक न काढता) करायचं की फुल (क्रँकसकट), ते इथे ठरतं. जर्नल (क्रँकचा बेरिंगमध्ये फिरणारा गोल भाग) अंडाकृती असेल तर ग्राइंडिंग आणि 10, 20 किंवा 30 नंबरची, म्हणजे तेवढे हजारांश इंच कमी मापाची, बेरिंगं.

आणि हे झिजलं कशाने? रोटाव्हेटर आणि मळणीयंत्राच्या धुळीने. एअर क्लीनरपासून मॅनिफोल्डपर्यंतची रबरी नळी चिरली असेल किंवा क्लिप ढिली असेल, तर नवं किटही एका हंगामात संपेल. नळी वाकवून बघा, चीर वाकवल्यावरच दिसते.

"दिवसभर रिकामं चालवा"

नेमकं उलटं. रिंग लायनरवर दाबली जाते ती तिच्यामागे शिरणाऱ्या गॅसच्या दाबाने. रिकाम्या इंजिनात तो दाब नसतो. होनिंगच्या रेषांवर जळक्या ऑइलचा गुळगुळीत थर चढतो, रिंगा बसतच नाहीत आणि नवं इंजिन ऑइल खायला लागतं.

त्याआधी एक काम बहुतेक जण टाळतात. होनिंगनंतर लायनर डिझेलने नाही, गरम पाणी आणि साबणाने घासून धुवा. मग ऑइल लावून पांढऱ्या फडक्याने पुसा. फडकं करडं निघतंय तोवर पुन्हा धुवा.

सुरू केल्यावर पंधरा-वीस मिनिटं मध्यम रेसवर ठेवून गळती आणि प्रेशर बघा. मग हलकं काम द्या, मोकळी ट्रॉली किंवा उथळ वखरणी. पहिले काही तास पूर्ण लोडही नको आणि एकाच रेसवर तासन्‌तास ओढणंही नको. 50 तासांच्या आत ऑइल आणि फिल्टर बदला, टॅपेट पुन्हा लावा. काढलेला फिल्टर कापून कागद उलगडा. बारीक करडी पूड चालते. तांबूस चमकदार कण दिसले तर ट्रॅक्टर शेतात नेऊ नका, चेंबर उघडा.