‘स्टॅम्पवर सही घ्या, लेकरू घरी आणा’ हा सल्ला पाळू नका

कोल्हापुरातल्या ख्रिस्ती मंडळ्यांच्या आणि प्रार्थनागटांच्या व्हॉट्सॲपवर एक मजकूर फिरतो आहे. मिशनसेवेतल्या कुटुंबांना तो सांगतो: ‘घर उघडा. अनाथ लेकरू घरी आणायला कुणाची परवानगी लागत नाही. पाचशेच्या स्टॅम्पवर नातेवाइकाची सही घ्या, नोटरी करा, झाले. रमाबाईंनी कुठे परवानगी मागितली होती? सहा-सात मुलांपर्यंत ते कुटुंबच, नोंदणी नको. वर्षभर सांभाळले की दत्तक आपोआप होते. लेकराला प्रभूच्या मार्गावर आणायची हीच संधी. फोटो काढून ठेवा, परदेशातली मंडळी मदत पाठवतील.’

यातले पहिले दोन शब्द आम्हाला मनापासून मान्य आहेत. पुढचे जवळपास सगळे चूक आहे, आणि त्या चुकीची किंमत लेकराला मोजावी लागते.

स्टॅम्पपासून सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त माणसे इथेच फसतात. नोटरी एवढेच पाहतो की सही करणारा माणूस तोच आहे. मूल दुसऱ्याच्या हाती देण्याचा त्याला अधिकार आहे का, हे नोटरी ठरवत नाही. निराधार मुलाने कुठे राहायचे हा निर्णय २०१५च्या बाल न्याय कायद्याने बालकल्याण समितीकडे दिला आहे. अध्यक्ष आणि चार सदस्यांच्या या समितीला दंडाधिकाऱ्याचे अधिकार असतात. बेवारस, हरवलेले किंवा कुणी वाली नसलेले मूल आढळले, तर २४ तासांच्या आत १०९८ या बालमदत क्रमांकावर, पोलिसांना किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्षाला कळवावे लागते. प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांतच मुलाला समितीपुढे हजर करावे लागते. समितीची बैठक नसेल त्या दिवशी एका सदस्यापुढे हजर केले तरी चालते. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते. त्या स्टॅम्पमागे पैशांची देवघेव झाली असेल, तर गुन्हा थेट मूल विकण्या-विकत घेण्याचा होतो: पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख दंड. ‘वाटखर्चाला दिले होते’ हे सांगून सुटका होईल या भरवशावर राहू नका.

सही करायला जो नातेवाईक उत्सुकतेने पुढे येतो, त्याच्याकडे जरा नीट पाहा. करवीर, कागल, शिरोळकडच्या बागायती पट्ट्यात वीस गुंठे जमीन म्हणजे थोडीथोडकी नव्हे. बाप वारला की सातबाऱ्यावर वारस म्हणून लेकराचे नाव लागते आणि पुढे ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान (अल्पवयीन) पालनकर्ता म्हणून सांभाळणाऱ्याचे. अज्ञान मुलाचा हिस्सा विकायला जिल्हा न्यायालयाची परवानगी लागते. लेकरू गावातून नाहीसे झाले, कुठल्यातरी भल्या कुटुंबात दूर गेले, की वारस नोंदीच्या वेळी त्याचे नाव गाळणे सोपे जाते. समितीपुढे सामाजिक तपासणी झाली तर गावात जाऊन चौकशी होते आणि असा डाव उघडा पडू शकतो. स्टॅम्पवर तो झाकला जातो, आणि झाकायला हातभार आपला लागतो.

ऊसतोडीच्या फडावरच्या मुलांचे प्रकरण आणखी नाजूक. हंगामात बीडकडून आलेल्या टोळीतली आई दगावली, बाप दारूत बुडाला, म्हणून कुणी मूल ठेवून घेतो. टोळी उन्हाळ्यात परत जाते आणि मुलाची आजी, मामा, शाळा, जातीचा दाखला सगळे चारशे किलोमीटरवर राहते. अशा मुलाला त्याच्या जिल्ह्याच्या समितीकडे पाठवण्याची तरतूद कायद्यात आहे. आजी जिवंत आणि सांभाळायला तयार असेल, तर लेकराची जागा तिच्याजवळ.

आता रमाबाईंचा दाखला. १८९६-९७च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातल्या उपाशी मुली केडगावला आणल्या, हे खरे. पण मुंबई इलाख्याला बालकांसाठीचा पहिला कायदा मिळाला १९२४ साली, म्हणजे त्यांच्या निधनानंतर दोन वर्षांनी. त्यांनी डावलावी अशी समितीच तेव्हा नव्हती. त्यांचे नाव घेऊन आज असलेले संरक्षण टाळणे हा त्यांच्यावर अन्याय आहे.

‘सहा-सात मुलांपर्यंत नोंदणी नको’ हा आकडा कुठून आला कोण जाणे. कायद्यात तो नाही. काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलांना ठेवण्यासाठी पूर्णपणे किंवा अंशतः चालवलेली कोणतीही संस्था कलम ४१खाली नोंदवावी लागते. दारावर पाटी नसली तरी जागा त्याच कामाची असेल, तर ‘आमचे घरच आहे’ या उत्तराने भागत नाही. बिननोंदणीची शिक्षा एक वर्षापर्यंत कैद किंवा किमान एक लाख दंड किंवा दोन्ही, आणि उशिराचे दर ३० दिवस वेगळा गुन्हा. नोंदणी मागण्यामागे कारण आहे. केंद्राच्या नमुना नियमांत शयनगृहात प्रत्येक मुलामागे ४० चौरस फूट आणि ७ मुलांमागे एक शौचालय धरले आहे. दोन खोल्यांच्या घरात सात मुले झोपली की खरूज एकाकडून सगळ्यांकडे जाते, मोठा मुलगा लहान मुलीशेजारी झोपतो, आणि रात्री काय घडते ते कुणी पाहत नाही.

दत्तक आपोआप होत नाही, एका वर्षात नाही आणि दहा वर्षांतही नाही. प्रक्रिया सोडून मूल दत्तक घेतले तर कलम ८०प्रमाणे तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख दंड किंवा दोन्ही. ख्रिस्ती कुटुंबांच्या मनात इथे एक जुनी गैरसमजूत असते. १९५६चा दत्तक कायदा हिंदू, बौद्ध, जैन, शिखांपुरता. ख्रिस्ती माणसाला १८९०च्या कायद्याने फक्त पालकत्व मिळत असे. ते दिवस गेले. बाल न्याय कायद्याखाली कुठल्याही धर्माच्या जोडप्याला कायदेशीर दत्तक घेता येते. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने शबनम हाश्मी खटल्यात ते स्पष्ट केले. सरळ रस्ता असताना चोरवाट कशाला? केंद्राच्या दत्तक पोर्टलवर नाव नोंदवा, गृहभेटीचा अहवाल होऊ द्या, पाळी येईपर्यंत थांबा.

‘प्रभूच्या मार्गावर आणायची संधी’ या वाक्याने सगळ्यात जास्त वाईट वाटते. तात्पुरते आलेले लेकरू आपल्या स्वाधीन असते, आपल्या मालकीचे नसते. त्याचा बाप्तिस्मा करणे, नाव बदलणे, आजीने गळ्यात घातलेला ताईत काढून टाकणे हे आपल्या अधिकारात नाही. भारताने १९९२मध्ये स्वीकारलेल्या बालहक्क करारातही मुलाची धार्मिक, सांस्कृतिक आणि भाषिक नाळ जपण्याचा विचार करायला सांगितले आहे. घरात प्रार्थना होते, ती होऊ द्या; लेकराला बसायचे नसेल तर बसू नये. चैत्रात जोतिबाच्या यात्रेला मामाबरोबर जायचे असेल तर समितीला विचारून पाठवा. ज्याच्याकडे आपले म्हणून काहीच उरलेले नाही, त्याचा देव काढून घेणे ही सेवा होऊ शकत नाही.

फोटोंचे थोडक्यात. अशा मुलाची ओळख पटेल असे नाव, छायाचित्र किंवा शाळा प्रसिद्ध करणे बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ने गुन्हा आहे: सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि परदेशी देणगी मुलांच्या कामासाठी कुणाच्या घरगुती खात्यात घेता येत नाही. २०१०च्या परकीय देणगी कायद्याखाली नोंदणी हवी आणि पैसे दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खास खात्यातच यावे लागतात.

मग घर उघडायचे कसे? कोल्हापूरच्या जिल्हा बाल संरक्षण कक्षात प्रतिपालकत्वासाठी, म्हणजे समितीच्या देखरेखीखाली मूल तात्पुरते आपल्या घरी सांभाळण्यासाठी, अर्ज करा. ओळखपत्र, उत्पन्नाचा व राहण्याचा पुरावा, वैद्यकीय दाखला, पोलीस पडताळणी तयार ठेवा. गृहभेटीला आलेल्या माणसाला घरातल्या सगळ्यांशी बोलू द्या, सासूबाई आणि आपली स्वतःची मुले धरून; त्यांचा मनातून विरोध असेल तर ठेवलेले मूल काही महिन्यांत परत जाते, आणि असे परत जाणे त्याला फार खोल लागते. २०२४च्या सुधारित सूचनांप्रमाणे ३५ ते ६० वयाच्या एकट्या व्यक्तीलाही अर्ज करता येतो, आणि दोन वर्षे सांभाळ केल्यावर, मूल दत्तकासाठी मुक्त असेल तर, दत्तकाचा अर्ज करता येतो. मिशन वात्सल्य या केंद्राच्या योजनेतून मुलामागे महिना ४,००० रुपयांची तरतूद आहे. समिती दरमहा पाहणी करते. त्याचा राग धरू नका. काही तासांचा किंवा दिवसांचा आसरा द्यायची तयारी असेल, तर समितीकडून ‘योग्य व्यक्ती’ म्हणून आधीच मान्यता घेऊन ठेवा.

मूल अचानक दारात आलेच, तर जेवू घाला, अंथरूण द्या आणि लगेच १०९८ फिरवा. पोलीस ठाण्यात स्टेशन डायरीची नोंद मागा. कुठे, किती वाजता, कुणाबरोबर सापडले, अंगावर काय होते, ते कागदावर लिहा. अत्याचाराची शंका असेल तर अंघोळ घालू नका, कपडे धुऊ नका. सीपीआर या कोल्हापुरातल्या सरकारी रुग्णालयातली तपासणी होईपर्यंत तो पुरावा असतो. खोदून खोदून विचारू नका. एकच हकिकत चार जणांना सांगितली की तिचे तपशील बदलतात आणि खटल्यात त्याचाच फायदा आरोपीला मिळतो.

आणि आई किंवा आजी हयात असेल, तर आधी तिच्या घराचा विचार करा. सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेतून एक पालक गमावलेल्या मुलालाही घरीच राहून महिना २,२५० रुपये मिळू शकतात. अर्ज भरायला, मृत्यूचा दाखला काढायला, बँकेत खाते उघडायला त्या बाईबरोबर जाणारे कुणी नसते. वयाचा दाखला नाही म्हणून शाळेने प्रवेश नाकारला, तर २००९च्या शिक्षणहक्क कायद्याचे कलम १४ दाखवायला मुख्याध्यापकांकडेही तिच्याबरोबर जा.