मुद्दाम नासवलेलं दूध

‘साधी, सोपी, पौष्टिक न्याहारी. वेळ : पाच मिनिटे.’ एका पाककृतीवर हे ज्यानं लिहिलं, त्याच्या घरची भांडी कोण घासतं एवढंच मला विचारायचंय. बाकी तक्रार नाही. म्हणजे आहे, पण ती ओघात येईलच.

पदार्थ म्हणावा असं त्यात काही नाही. वाडग्यात मऊ, मोकळं पनीर, वर चिरलेली फळं, चमचाभर अक्रोड. यात बिघडायला जागाच कुठाय, असं आज सकाळी सात वाजेपर्यंत मलाही वाटत होतं. सात वाजून दहा मिनिटांनी आत्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. चार दिवस राहायला आलीय. आजचा दुसरा.

दूध तेव्हा ऐन रंगात आलं होतं. साय न काढलेलं एक लिटर, जाड बुडाच्या पातेल्यात, मध्यम आचेवर. तळाला सपाट उलथनं फिरवत राहायचं, नाहीतर करपतं आणि मग तो जळका वास पनीरभर. हे तापायलाच दहा-बारा मिनिटं जातात. पाच मिनिटंवाला बहुधा गाईकडूनच गरम घेत असावा. कडेनं बुडबुडे धरले, दूध वर यायच्या बेतात आलं की गॅस बंद. एक-दोन मिनिटं दम धरायचा. मग दोन मोठे चमचे लिंबाचा रस, त्यात तेवढंच पाणी, आणि ते चमच्याचमच्यानं सोडायचं. एकदम ओतलं तर जिथं पडतं तिथं घट्ट गोळे होतात आणि बाकीचं दूध तसंच राहतं.

तिसऱ्या चमच्याला दूध फुटलं.

“अरेरे,” आत्या म्हणाली. “नासलं का रे?”

“नासलं नाही आत्या. नासवलंय.”

“कुणी?”

“मी. मुद्दाम.”

ती दोन पावलं पुढे आली. पातेल्यात डोकावली. मग माझ्याकडे पाहिलं. “पण चांगलं होतं ना दूध?”

“चांगल्याच दुधाचं करतात.”

“मग?”

या ‘मग’ला उत्तर नसतं. तरी मी दिलं. दुधातल्या प्रथिनांपैकी सुमारे 80 टक्के केसीन असतं, त्याचे बारीक कण दुधात तरंगत असतात, एकमेकांना लांब ठेवून. आंबट पडलं की ते अंतर सुटतं आणि कण एकमेकांना चिकटतात. दूध आधी चांगलं तापवलेलं असलं की उरलेल्या प्रथिनांतलीही बरीचशी त्यांच्याबरोबर खाली बसतात, म्हणून तापवण्यात कंजुषी करायची नाही.

“म्हणजे नासतं,” आत्या म्हणाली.

“हो.”

“मग तेच म्हणतेय मी.”

आणि पुढे, ओट्याला टेकून, अगदी सावकाश : “चाळीस वर्षं माझं दूध आपलंआपण नासत आलंय. एकानं पौष्टिक म्हटलं नाही. एकदा पाहुणे यायच्या दिवशी नासलं तर तुझे आतोबा दोन दिवस बोलले नाहीत माझ्याशी. आणि तू लिंबू पिळून नासवतोस, वर फोटो काढतोस.”

फोटो मी अजून काढला नव्हता. काढणार होतो. तो आता काढता येईना.

या बोलण्याच्या नादात माझ्या हातून लिंबाचे दोन चमचे जास्त गेले, हे मी आत्याच्या खात्यावर मांडतोय. थांबायची खूण अगदी सोपी आहे. गुठळ्या वेगळ्या झाल्या आणि भोवतीचं पाणी दुधाळ न राहता हिरवट-पिवळं, नितळ दिसलं की हात आवरायचा. (तो हिरवट रंग रायबोफ्लेविनचा, म्हणजे बी-2 जीवनसत्त्वाचा. घाबरून ओतून देऊ नये. पीठ मळायला, भाजीत घालायला ते पाणी चांगलं.) पाणी पांढुरकं असेल तर आणखी एक छोटा चमचा रस. त्यापुढे नाही. जास्त झाला की पनीर आंबट होतं, आणि फुटलेलं दूध तसंच उकळत ठेवलं तर गुठळ्यांतलं पाणी निघून त्या चिवट होतात, दाताखाली कुरकुर वाजतात. महिनोन्महिने टिकणारं खोक्यातलं दूध घेतलं तर उलट : गुठळ्या इतक्या बारीक की निम्म्या कापडातून निघून जातात.

कापडाचंही सांगून टाकतो. विणीला जरा सैल, मऊ सुती हवं, आणि वापरण्याआधी पाच मिनिटं उकळलेलं. वासाच्या साबणात धुतलेलं कापड वापरलं तर पनीरला गुलाबाचा वास येतो आणि तो जात नाही. मला खणात एक हातभर तुकडा मिळाला, मऊशार, जणू याच कामासाठी ठेवलेला. तो उकळून चाळणीवर पसरला, पातेलं ओतलं, वरून गार पाणी सोडलं. त्यानं आंबटपणा धुतला जातो आणि गुठळ्या आणखी शिजायच्या थांबतात.

“त्याचं ते इंग्रजी नाव काय म्हणालास काल?”

“कॉटेज चीज.”

“म्हणजे पनीरच ना?”

नाही. आणि इथं मी गप्प बसायला हवं होतं. खरं कॉटेज चीज दूध उकळून करत नाहीत. कोमट दुधाला विरजण लावतात, लागलेल्या दह्याच्या वड्या कापतात, त्या हळूहळू 50-55 अंशांपर्यंत तापवतात, गार पाण्यानं धुतात आणि मीठ-साय घालून दाणे ओलसर ठेवतात. आपलं हे चुलतभावंडाचं काम. पनीर दाबायचं नाही, दहा मिनिटं नुसतं निथळू द्यायचं, मग दोन चमचे साय किंवा फेटलेलं दही आणि पाव चमचा मीठ घालून काट्यानं मोकळं करायचं. अर्धा तास वजन ठेवलंत तर सुरीनं कापायची वडी होते, वाडग्यात पसरत नाही.

आत्यानं हे सगळं ऐकून घेतलं. “म्हणजे आधी विरजण लावायचं, आणि मग लागलेलं दही बिघडवायचं?”

मी फळं चिरायला घेतली.

एक लिटर दुधाचं साधारण 200 ग्रॅम होतं. दोन वाडगे. दुधातली 32-33 ग्रॅम प्रथिनं, त्यातली बहुतेक पनीरमध्ये, म्हणजे माणशी बारा-तेरा ग्रॅम तरी. फळं माणशी वाटीभर. धुऊन कोरडी पुसलेली, कारण ओली फळं आणि वर मीठ म्हणजे पाच मिनिटांत तळाला तळं. साखर वरून घातली तरी तेच. फळांतलं पाणी ओढून काढते. सफरचंदाच्या फोडींना थेंबभर लिंबू, नाहीतर काळ्या पडतात. केळं सगळ्यात शेवटी. अक्रोड त्याहूनही शेवटी, अगदी तोंडात घालायच्या आधी.

कृतीच्या फोटोत मात्र अननस होता. पिवळाधमक. मी अननस घातला.

“मी अंघोळ करून येते, मग बसू बरोबर,” असं म्हणून आत्या गेली आणि पस्तीस मिनिटांनी आली. (अंघोळीला पस्तीस मिनिटं. यावर मी एक अक्षर बोललो नाही, आणि नासलेल्या दुधावर मात्र सगळ्यांनी बोलायचं.) तेवढ्यात वाडग्यातलं पनीर सैल पडलं होतं, कडेनं पाणी सुटलं होतं. तिनं एक चमचा खाल्ला.

“कडू आहे.”

कडू होतंच. ताज्या, न शिजवलेल्या अननसात ब्रोमेलिन असतं, ते प्रथिनं तोडतं, आणि दुधाच्या प्रथिनांचे ते तुकडे कडू लागतात. अननस खाताना जीभ चुरचुरते त्यातही त्याचा हात आहे. किवीतलं अ‍ॅक्टिनिडिन आणि पपईतलं पपेन हेच उद्योग करतात. लगेच खाल्लं तर कळतही नाही. अर्धा तास ठेवलं की झालं. अननस हवाच असेल तर फोडी दोन-तीन मिनिटं खळखळून शिजवून गार करायच्या, म्हणजे ब्रोमेलिन निकामी होतं. डबाबंद अननस आधीच तापवलेला असतो, तो चालतो. ‘पाच मिनिटां’च्या त्या कृतीत याबद्दल अवाक्षर नाही. शेवटी तीन बदामांची चित्रं होती.

मी हे आत्याला सांगितलं नाही. ‘दोनदा नासवलंस म्हणजे’ हे वाक्य मला तिच्या तोंडून ऐकायचं नव्हतं.

तिनं मात्र वाडगा संपवला. अननस काढून बाजूला ठेवला, बाकी सगळं खाल्लं, वर “डाळिंब असतं तर बरं झालं असतं” म्हणाली. ते बरोबर होतं, म्हणून जास्त लागलं.

मी करपलेलं पातेलं घासत होतो. हो, करपलंच होतं. आत्या दारात येऊन उभी राहिली तेव्हा उलथनं थांबलं होतं. बाहेरच्या खोलीतून खण उघडल्या-मिटल्याचे आवाज येत होते.

“अरे, माझं चष्मा पुसायचं फडकं पाहिलंस का कुठं? मऊसं होतं, हातभर. कालच ठेवलंय मी खणात.”

ते नळावर वाळत होतं.