'अर्ज' निजामाचा, तर नाथांकडे तो आला कुठून?

आमच्या भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दाजी रोज सकाळी 'आजचे ज्ञान' टाकतात. कधी एखादा शब्द, कधी इतिहास, कधी कुठल्या राज्याचा पक्षी. परवाचं ज्ञान मात्र आमच्याच तोंडावर होतं. मराठवाड्याची मराठी निजामाने बाटवली. अर्ज, हजर, जिल्हा हे शब्द त्याने लादले. शिवाजी महाराजांनी कोश करून फारसी हद्दपार केली, म्हणून पुण्याकडची भाषा शुद्ध राहिली. आणि आपलं 'करायलाव', 'कामून' म्हणजे उर्दूचं खरकटं. शेवटी ठळक अक्षरांत : 'फक्त अस्सल मराठी माणसाने हा मजकूर जरूर पुढे पाठवावा.'

या शेवटच्या ओळीतले फक्त, अस्सल, मजकूर, जरूर हे चारही शब्द मूळ अरबी. असो. दाजींनी काही ते लिहिलेलं नाही, नुसतं पुढं ढकललंय.

आधी अर्ज. पैठणच्या एकनाथ महाराजांचं 'अर्जदस्त' नावाचं भारूड आहे. सरकारदरबारी द्यायच्या अर्जाचा अख्खा थाट त्यात उचललाय. शरीर हा परगणा, त्याचं नाव शरीराबाद. तिथला शेखदार जिवाजी आणि कारकून बुधाजी. हा जीव आपल्या धन्याला, म्हणजे देवाला, अर्ज करतो. ऐकणाऱ्याला परगणा, शेखदार, कारकून हे शब्द रोजचे असल्याशिवाय असल्या भारुडात हसू येत नाही. नाथांनी समाधी घेतली 1599 साली. हैदराबादच्या पहिल्या निजामाने आपलं बस्तान बसवलं ते 1724 ला साखरखेर्ड्याची लढाई जिंकून. मध्ये सव्वाशे वर्षं गेली.

घोटाळा बहुतेक नावाचा आहे. अहमदनगरची निजामशाही वेगळी, ती 1636 ला संपली. हैदराबादचा निजाम वेगळा, त्याचं घराणं आसफजाही. शाळेत आम्हीसुद्धा दोन्ही एकच समजायचो. आणि दख्खनच्या कारभारात फारसी आली ती या दोघांच्याही आधी. बहमनी राज्य 1347 मध्ये दौलताबादेतच उभं राहिलं. म्हणजे हे शब्द आपल्या उंबऱ्यावरून आत आले, हैदराबादेहून नाही.

जिल्ह्याचं थोडं खरं आहे. निजामाचा दिवाण सालारजंग याने 1865 मध्ये जिल्हाबंदी केली, म्हणजे राज्य जिल्ह्यांत विभागलं, आणि जिल्ह्याच्या मुख्य अधिकाऱ्याला 'अव्वल तालुकदार' म्हणू लागले. पण त्याच काळात इंग्रजांच्या मुंबई इलाख्यातही जिल्हाच होता, तालुकाही होता, आणि तालुक्यावर बसायचा मामलेदार. 'मामला' कुठला, ते दाजींनी पुण्यात विचारावं.

आता कोश. महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला हे खरं, आणि ते मोठंच काम. राज्याभिषेकाच्या सुमारास पेशव्याचा पंतप्रधान झाला, मुजुमदाराचा अमात्य, डबीराचा सुमंत. पण नावातच आहे, तो राज्यव्यवहाराचा कोश होता. बाजारातल्या माणसाची जीभ धुवायला कुणी निघालं नव्हतं. पुढे तर पंतप्रधानालाच लोक पुन्हा पेशवा म्हणू लागले, तेही पुण्यातच. फडणीस, चिटणीस या आडनावांतला 'नीस' म्हणजे फारसीतला नवीस, लिहिणारा. आणि खरीप-रब्बी? दोन्ही अरबी. पेरणी मात्र कोकणापासून नांदेडपर्यंत कुणाची अडली नाही.

मला जास्त लागलं ते 'कामून'चं. आमची आजी भाकरी थापताना दारातल्या पोराला विचारायची, "कामून रडायलास रं?" हे 'कामून' म्हणजे 'का म्हणून'. सलग बोलताना मधला 'म्ह' झिजला, एवढंच. 'रडायलास'मध्ये 'रडायला' हे रूप प्रमाण मराठीचंच. त्याला 'तू'चा प्रत्यय लागला. 'मी' असला की 'करायलाव', 'जायलाव'. उर्दूत असली रचना शोधून सापडायची नाही. उलट देणं आपलंच जास्त दिसतं. हैदराबादी माणूस 'नक्को' म्हणतो ते आपलं 'नको'. दख्खनीत, म्हणजे हैदराबादकडच्या उर्दू बोलीत, 'वोइच', 'ऐसाइच' असा जोर देणारा 'च' येतो, तोही आपलाच. लातूर-उदगीरकडे गेलात तर अक्का, अण्णा, तूप यांत कानडी भेटेल. त्याबद्दल मेसेजमध्ये चकार शब्द नाही, कारण कानडीवर राग काढून कुणाला मजा येत नाही.

निजामाच्या राज्यात मराठीला सुख होतं, असं मी म्हणत नाही. दरबारची भाषा 1880च्या दशकापर्यंत फारसी होती, मग उर्दू आली. 1918 ला उस्मानिया विद्यापीठ निघालं तेही उर्दू माध्यमाचं. शिकायचं तर ती भाषा शिकावीच लागे. आमच्या आजोबांच्या पिढीतले कितीतरी जण सही मराठीत करायचे आणि दस्त उर्दूत वाचायचे.

त्या कारभाराचे शब्दही मागे राहिले, पण कुठं? इनामी जमिनीचा वाद निघाला की वकील 'मुंतखब', म्हणजे इनामाचा निजामकाळातला दस्त, मागतो. निजामाच्या खासगी मुलखाला जुनी माणसं अजून 'सर्फेखास' म्हणतात. दाजींना यादी करायचीच असेल तर इथून करावी. मी मदत करतो. 'कामून' मात्र तिच्यात घालू देणार नाही.