पुढे सरका, पुढे सरका

३४ वर्षं मी एसटीत कंडक्टर होतो. या नोकरीत माणसाला दोन विद्या येतात. एक म्हणजे सुट्टे पैसे नसताना शांत राहणं. दुसरी म्हणजे दाराशी गोचिडासारख्या चिकटलेल्या गर्दीला, कोणाला हात न लावता आणि आवाज न चढवता, आत सरकवणं. निवृत्तीनंतर यातली एकही विद्या कामाला येणार नाही अशी माझी समजूत होती. ती रानडुकरांनी खोटी ठरवली.

आमचं वावर जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याला. साडेचार एकर. निम्म्यात केळी, निम्म्यात मका. डुकरं रात्री डोंगरातून उतरतात, पोटभर खातात, आणि पहाटे परत जायचा कंटाळा आला की मक्यातच मुक्काम करतात. गेल्या ऑक्टोबरात कणसं खुडायला बाया आत शिरल्या आणि चौथ्या ओळीतून पिलांवाली डुकरीण उठली. कोणाला लागलं नाही, पण विळे, डबे आणि चपला टाकून सगळ्या बाया बांधावर. दुसऱ्या दिवशी मुकादमबाईंनी निरोप धाडला की आत कोणी नाही याची आधी खात्री द्या, मग येतो.

आता ही खात्री द्यायची कशी? शेजारच्या जिभाऊंनी मक्याला चहूबाजूंनी जुन्या साड्या बांधल्या होत्या. डुकरं त्या साड्यांखालून मान वाकवून शिरत, जशी मंडपात वऱ्हाडी मंडळी शिरतात. मग त्यांनी स्पीकरवर वाघाची डरकाळी लावली. पहिल्या रात्री डुकरं पळाली. दुसऱ्या रात्री थांबून ऐकली. तिसऱ्या रात्री डुकरं जेवत होती आणि झोप फक्त जिभाऊंची उडाली होती.

ओळखीचे एक वनरक्षक चहाला आले तेव्हा मी हळूच विषय काढला. ते म्हणाले, "दादा, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकार म्हणजे नुसतं मारणं नाही. पकडणं, फासा लावणं, आमिष ठेवणं, मागे लागणं, हाकणं, सगळं त्यात बसतं."

"आणि डुक्कर आपणहून उठून गेलं तर?"

"गेलं तर गेलं."

"समजा, एक कुत्रं सहज मक्यात फिरलं. डुकराला ते आवडलं नाही. म्हणून ते उठून डोंगराकडे गेलं. तर?"

त्यांनी चहा संपवला, बशी पालथी घातली आणि म्हणाले, "कुत्रं शांत पाहा."

झालं, माझी अट ठरली. कुत्रं असं पाहिजे की जे दाट पिकात शिरेल, आत जे कोणी असेल त्याला आपलं असणं जाणवून देईल, ते उठलं की मागे न धावता जागेवर बसेल, आणि बाया, शेळ्या, शेजारची कोंबडी यांच्या वाटेला जाणार नाही. गावात हे सांगितलं तर लोक म्हणाले, शांत पाहिजे तर गाय घे.

पुण्याला शिकणारी मुलगी मात्र हसली नाही. "पप्पा, नेमकं याच कामाची कुत्री असतात. झुडपातून पाखरं उडवणारी. विलायतेत त्यांच्या वेगळ्या जातीच आहेत."

आणि इथे मी फसलो. कारण आपल्याकडे जात हा शब्द एकदा तोंडातून निघाला की सल्ला द्यायला अख्खं गाव पुढे येतं. कुत्रा अजून आलेला नव्हता, नर की मादी ठरलं नव्हतं, पण चावडीवर, दूध डेअरीवर, दशक्रियेला एकच प्रश्न, "जात कोणती?"

लातूरकडे नोकरीला असलेला मावसभाऊ म्हणाला, कारवानी. देखणं जनावर, प्रश्नच नाही. कमरेने एवढं बारीक की दोन सीटच्या मधून आडवं जाईल. पण तो नजरेचा शिकारी. उघड्या माळावर ससा दिसला की सुटला बाणासारखा. दिसला पाहिजे, ही अट. आमच्या मक्यात स्वतःचा हात दिसत नाही. हा बिचारा बांधावर उभा राहून तापीच्या दिशेने बघत बसला असता. मुधोळची तीच गत. २००५ साली टपाल खात्याने चार देशी कुत्र्यांची तिकिटं काढली, त्यांत हिमालयातलं मेंढराचं कुत्रं, रामपूर हाउंड आणि राजपलायम यांच्या जोडीला मुधोळही आहे, हे मुलीने वाचून दाखवलं. तिकीट म्हटलं की माझा जीव गुंततो. पण तिकीट असलेला प्रवासी शांत असतोच असं नाही, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक?

मग विलायती यादी सुरू झाली. पॉइंटर म्हणून एक असतो. वास आला की हा जागीच थिजतो, एक पाय उचलून, नाक त्या दिशेला रोखून. म्हणजे "तिथे आहे" एवढं सांगतो. पुढचं काम त्याचं नाही. असे सहकारी मी ३४ वर्षं पाहिले होते. पेन्शनीतून आणखी एक पोसायची इच्छा नव्हती.

स्प्रिंगर स्पॅनिएलचं वर्णन ऐकून मात्र मी खाटेवरून उठून बसलो. हा झुडपात शिरतो, मालकापासून फार लांब जात नाही, डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे, काचेवरच्या वायपरसारखा अख्खा पट्टा पुसून काढतो. पाखरू उडालं की त्याच्यामागे न धावता जागेवर बूड टेकतो. कोणाला चावणं नाही, ओढाताण नाही. नुसता गर्दीत शिरतो आणि लोक सरकतात. मी म्हटलं, अगं, हा तर कंडक्टर!

"आणि पप्पा, कॉकर आणि स्प्रिंगर पूर्वी एकाच वेतात निघायचे. २५ पौंडांच्या आत भरला तर कॉकर, वर गेला तर स्प्रिंगर."

म्हणजे हाफ आणि फुल. वजनकाट्यापाशी काय वाद होत असतील त्याची मला पूर्ण कल्पना आली. आमच्याकडे तर मिशा फुटलेला मुलगा आईच्या मांडीवर बसून हाफ तिकिटात रावेरपर्यंत गेलेला आहे.

पण स्प्रिंगरची एक अडचण निघाली. त्याला रोज मनसोक्त पळवावं लागतं, नाहीतर तो घरातल्या गाद्यांमधून पाखरं शोधतो. माझे गुडघे ड्युटीवरच संपलेले. यादीत आणखी खाली आलो आणि माझं मन क्लंबरवर जडलं.

क्लंबर हा सगळ्या स्पॅनिएलांत जड आणि सगळ्यांत संथ. पांढराशुभ्र, मधूनमधून लिंबाच्या रंगाचे ठिपके, आणि चेहरा असा की जणू याची बढती तीन वेळा डावलली आहे. इंग्लंडात नॉटिंगहॅमशायरमध्ये क्लंबर पार्क नावाची सरदाराची जहागीर होती, तिचं नाव याला मिळालं. सातवे एडवर्ड आणि पाचवे जॉर्ज, दोघाही राजांनी हे कुत्रे पाळले. काम करताना तोंडातून आवाज काढत नाही. झुडपात घुसतो तो रोडरोलरसारखा, घाई न करता. बाकी वेळ लाळ गाळतो आणि घोरतो. फोटो बघून बायको म्हणाली, "हा आपल्यात लगेच मिसळेल," आणि माझ्याकडे न बघता भाकरी थापत राहिली.

पण क्लंबर आपल्याकडे मिळायची मारामार, आणि मिळाला असता तरी मे महिन्यात त्याचं काय करायचं? आमच्याकडे पारा ४५ च्या वर जातो, केळीची पानं कडेने करपतात. त्या जाड कोटाच्या सरदाराला चोपड्याच्या उन्हात उभं करणं हा वेगळाच गुन्हा झाला असता. शिवाय गुरांच्या डॉक्टरांनी बिबट्याची आठवण करून दिली. केळीच्या बागेत बिबटे उतरतात, आणि कुत्रं हे त्यांचं आवडतं खाणं. "रात्री बाहेर बांधलात तर घरपोच डबा समजा," एवढंच बोलून त्यांनी म्हशीला इंजेक्शन दिलं.

माय हे सगळं महिनाभर ओट्यावरून ऐकत होती. शेवटी तीच म्हणाली, "तुले कुत्रा कशाले पाहिजे? तूच जाय वावरमा आन कर, पुढे सरका, पुढे सरका."

अखेर जे सगळ्यांचं होतं तेच माझं झालं. धुळ्याच्या एका ओळखीच्या माणसाकडून आठ महिन्यांचा लॅब्रडॉर आणला. नाव लॅब्रडॉर, पण मूळ गाव शेजारचं न्यूफाउंडलंड. बोर्डावर एक गाव आणि गाडी भलत्याच गावाची, यात मला वावगं वाटलं नाही. तिथे हा कोळ्यांची जाळी पाण्यातून ओढायचा. पुढे इंग्रजांनी त्याला शिकारीच्या कामाला लावलं. झुडपातून पाखरू उठवतो, पडलेलं उचलून आणतो, आणि तोंड इतकं मऊ की धरलेल्या वस्तूला दात लागत नाही. स्वभावाने शांत. कागदपत्रंही चोख: बाप, आजा, पणजा, सगळ्यांची नावं छापलेली. नातवाच्या जात पडताळणीसाठी खापरपणज्याचा दाखला शोधत मी दोन वर्षं फिरतोय. हा गाडीतून उतरला तोच तीन पिढ्या घेऊन. नातवाने त्याचं नाव ब्रुनो ठेवलं. मायने त्याला खालून वर बघितलं आणि विचारलं, "हाऊ कुत्रा शे का पाव्हना?" तेव्हापासून तो आमच्याकडे पाव्हनाच.

पाव्हना शांत होता यात वाद नाही. पण ती शांतता दोन जेवणांच्या मधली होती. भाकरी, वरण, शेवभाजीचा रस्सा, भरिताच्या वांग्याचं भाजलेलं साल, काहीही चालायचं. केळी तर सालीसकट. जिल्ह्याच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. ते मानांकन पाव्हन्याने दीड महिन्यात पोटात घातलं. त्याच २०१६ साली केंब्रिजच्या संशोधकांनी शोधून काढलं की लॅब्रडॉरांपैकी साधारण चौथ्या हिश्श्याच्या एका जनुकाचा तुकडा गळालेला असतो, त्यामुळे पोट भरल्याचा निरोप मेंदूला नीट पोचतच नाही. चारातला तो एक माझ्याच वाट्याला आला असणार. लग्नाच्या पंगतीत ज्यांना वाढून वाढून आपण थकलो त्या नातेवाइकांबद्दल मात्र माझं मत तेव्हापासून मवाळ झालं.

मग शिक्षण सुरू केलं. शिकारी कुत्र्यांना शिट्टीवर शिकवतात, हे मुलीने सांगितलं तेव्हा मला भरून आलं. एक लांब शिट्टी, म्हणजे थांब. दोन छोट्या, म्हणजे वळ आणि काम चालू ठेव. अहो, ही तर आपली सिंगल आणि डबल! ज्या माणसाने आयुष्यभर दोरी ओढून कित्येक टनांची गाडी थांबवली आणि चालवली, त्याला तीस किलोचं कुत्रं काय जड? विलायतेत स्पॅनिएलाला बसवायला "हप" म्हणतात. तेही करून पाहिलं. मी बांधावर "हप, हप" करायला लागलो की पोरं झाडावर वानर शोधायची. ते बंद केलं. फक्त शिट्टी.

डबल त्याला दोन दिवसांत आली. डबल दिली की पाव्हना मक्यात. सिंगल मात्र शेवटपर्यंत आली नाही. सिंगल ऐकली की तो मान वळवून बघायचा, जसे काही प्रवासी "सुट्टे द्या" म्हटल्यावर खिडकीबाहेर बघतात, आणि पुढे जायचा.

मार्च उजाडला. रब्बीचा मका वाळला, सोंगणी आली. मुकादमबाई बारा बाया घेऊन बांधावर उभ्या. जिभाऊ बघायला आलेले. मी शिट्टी काढली, छातीत हवा भरली आणि डबल दिली. पाव्हना आत शिरला. वरचे तुरे हलायला लागले, डावीकडे, मग उजवीकडे, अगदी वायपर. माझा ऊर भरून आला. मग तुरे एका जागी थांबले, शांतता झाली, आणि मक्याच्या पोटातून कोणीतरी ओरडलं.

डुक्कर नव्हतं. पहिला माझा धाकटा शालक बाहेर आला. त्याच्यामागे दूध डेअरीवाला. मग दोन अनोळखी, एकाच्या मुठीत पत्ते. वावराच्या मधोमध चांगली दोन खाटांची जागा मोकळी करून, सतरंजी टाकून झन्नामन्नाचा डाव महिनाभर रंगत होता, आणि मी मात्र मोडलेला मका डुकरांच्या नावावर लिहीत होतो. डाव असा उधळला की बाया पदर तोंडात कोंबून हसायला लागल्या. आणि सगळ्यांत शेवटी, धोतर सावरत, अडुसष्टाव्या वर्षी पळत आले ते आमचे नाना. नाना म्हणजे माझे ड्रायव्हर. चोपडा, यावल, फैजपूर, रावेर या रूटवर अकरा वर्षं आम्ही एका गाडीवर काढली.

पण पाव्हना कुठे? सतरंजीवर शेव होती, भजी होती, तो कशाला बाहेर येतोय. मागून एखादी डुकरीण खरंच उठली तर काय, या भीतीने मी जीव खाऊन शिट्टी फुंकली. सिंगल.

नाना थांबले.

असे थांबले की उजवा पाय जमिनीत रुतला, आणि दोन्ही हात गोल धरल्यासारखे छातीपुढे आले. पळापळीत दिशा चुकून मागून येणारा डेअरीवाला त्यांच्यावर आदळला, तरी हलले नाहीत. बाकीचे केळीत पसार झाले. मक्याच्या कडेला नाना एकटे उभे, एका पायात चप्पल, एक पाय मोकळा, मान किंचित मागे वळवून.

मुकादमबाईंनी विचारलं, "मझार आखो कोनी शे का, भाऊ?" म्हणजे आत आणखी कोणी आहे का.

तेवढ्यात तुरे हलले आणि पाव्हना बाहेर आला, मिशांना शेव लागलेली, तोंडात नानांची दुसरी चप्पल. चालत आला, घाई नाही. चप्पल माझ्या हातात दिली. दाताची एक खूण नव्हती. मी ती नानांच्या पायापाशी ठेवली, त्यांनी न बघता पाय घातला. तरी उभेच.

मग माझ्या लक्षात आलं. मी डबल दिली. नाना निघाले.