लक्झरी घड्याळ ‘दहा वर्षांत दुप्पट’: हिशेबातून गाळलेल्या ओळी

एक मजकूर सध्या हातोहात फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: पैसे बँकेत कुजवू नका, बजेट बेताचं असलं तरी एक लक्झरी घड्याळ घ्या. चांगल्या ब्रँडचं घड्याळ उतरत नाही, दहा वर्षांत दुप्पट होतं. फक्त मशीन, म्हणजे आतली यंत्रणा, कंपनीचं स्वतःचं हवं आणि एडिशन लिमिटेड हवी. जुनं मिळालं तर पॉलिश करून घ्यावं. बॉक्स आणि कागद असले की डोळे झाकून व्यवहार करावा. सोन्याचं मिळालं तर सोन्याहून पिवळं. आणि एकदा घेतलं की हातात न घालता कपाटात ठेवावं. सोबत पुरावा म्हणून अमेरिकी अभिनेता पॉल न्यूमनच्या रोलेक्स डेटोना घड्याळाचा फोटो.

यातली काही वाक्यं अर्धी खरी आहेत, आणि जास्त महागात पडतात ती तीच.

‘चांगल्या ब्रँडचं घड्याळ उतरत नाही’

उतरतं, आणि बहुतेक घड्याळं दुकानाची पायरी उतरतानाच उतरतात. छापील किमतीच्या वर विकली जाणारी मॉडेलं मोजकी आहेत: रोलेक्सची काही स्टीलची स्पोर्ट्स घड्याळं, पाटेक फिलिपचं नॉटिलस, ओडेमार पिगेचं रॉयल ओक आणि अशी आणखी थोडी. छापील किमतीत ती बेताच्या बजेटवाल्याच्या वाट्याला येत नाहीत, कारण विक्रेता आधी जुन्या गिऱ्हाइकांचा विचार करतो. बाहेरून घ्यायची तर वरकड रक्कम आपण आधीच मोजलेली असते. २०२२च्या सुरुवातीला स्टीलचं नॉटिलस ५७११ छापील किमतीच्या पाचपट भावाने विकलं जात होतं. पुढच्या दोन वर्षांत तो भाव जवळपास निम्म्यावर आला. तरीही तो छापील किमतीच्या वरच होता, म्हणून ‘घड्याळ उतरलं नाही’ असं म्हणणारे खोटं बोलत नव्हते. पाचपट देऊन घेणाऱ्याचं काय झालं, एवढंच ते सांगत नव्हते.

आता हिशेब. समजा घड्याळ १०० ला घेतलं आणि दहा वर्षांनी तेच मॉडेल विक्रीच्या जाहिरातींत १३० ला दिसतं. मजकूर इथे थांबतो आणि ३० टक्के नफा जाहीर करतो. पण १३० हा विक्रेत्याचा भाव आहे, तुमचा नव्हे. तो स्वतःचं मार्जिन धरून विकत घेणार. २० टक्के धरले तर तुमच्या हातात १०४ येतात. दहा वर्षांत दोन सर्व्हिसिंग, प्रत्येकी ८ धरा, म्हणजे १६ गेले. विमा किंवा लॉकरचे वर्षाला अर्धा धरून आणखी ५. उरले ८३. जाहिरातीत ३० टक्के वाढलेलं घड्याळ खिशात १७ टक्क्यांनी घटलं. नुसतं मुद्दल सुटायला जाहिरातीतला भाव १५१ च्या वर जावा लागतो. महागाई वर्षाला ५ टक्के धरली, तर पैशाची किंमत टिकवायलाच तो २३० च्या घरात हवा. हे आकडे तुमच्या घड्याळाप्रमाणे बदला. क्रोनोग्राफ (स्टॉपवॉच असलेलं घड्याळ) असेल तर सर्व्हिसिंगचा आकडा बराच वाढेल, थेट दुसऱ्या हौशी माणसाला विकलं तर मार्जिन वाचेल. पण एकही ओळ गाळू नका.

दुकानात विचारायचा सगळ्यात कामाचा प्रश्न एकच आहे: ‘हेच घड्याळ मी आज विकायला आणलं असतं, तर तुम्ही काय दिलं असतं?’ उत्तर आणि समोरची किंमत यांतला फरक हा तुमचा पहिल्या दिवसाचा तोटा. पुढची सगळी वर्षं आधी तो भरून काढण्यात जातात.

राहिलं पॉल न्यूमनचं डेटोना. ऑक्टोबर २०१७ मध्ये न्यूयॉर्कला फिलिप्स या लिलावगृहाच्या लिलावात ते १ कोटी ७७ लाख डॉलरच्या वर गेलं. हातोडा पडला तो १ कोटी ५५ लाखांवर, वरची रक्कम लिलावगृहाची. घड्याळाच्या मागे न्यूमनच्या बायकोने कोरून दिलेला संदेश आहे आणि ते खुद्द न्यूमनच्या मनगटावर होतं. लोकांनी पैसे त्याचे मोजले. त्याच ६२३९ या मॉडेल क्रमांकाची इतर घड्याळं त्याच्या आसपासही जात नाहीत.

‘मशीन कंपनीचं स्वतःचं असेल तरच किंमत टिकते’

गंमत म्हणजे वरच्याच फोटोतल्या डेटोनाचं मशीन रोलेक्सचं नाही, ते वाल्जू या मशीन बनवणाऱ्या कंपनीचं वाल्जू ७२ आहे. १९८८ ते २००० मधल्या ऑटोमॅटिक डेटोनात झेनिथ या दुसऱ्या ब्रँडचं एल प्रिमेरो मशीन होतं. १९७२ चं पहिलं रॉयल ओक आणि १९७६ चं पहिलं नॉटिलस, दोन्ही जेगर-लकूल्टरच्या ९२० या एकाच मशीनवर उभी आहेत. संग्राहक आज याच घड्याळांच्या मागे आहेत.

बेताच्या बजेटमध्ये तर हा सल्ला उलटाच लागू पडतो. एटा २८२४, सेलिटा एसडब्ल्यू२०० किंवा वाल्जू ७७५० ही अनेक ब्रँड वापरतात ती तयार मशीनं हजारो घड्याळजींच्या हाताखालून गेलेली आहेत, सुटे भाग मिळतात, मजुरीत घासाघीस करता येते. एखाद्या ब्रँडने दहा वर्षं काढून मग बंद केलेलं ‘खास आमचं’ मशीन असेल, तर भाग फक्त कंपनीकडे आणि दरही कंपनीचा. पुढचा गिऱ्हाईक हे जाणून असतो आणि तेवढं वजा करूनच बोलतो.

‘स्विस मेड’ या शिक्क्याचंही तसंच. २०१७ पासूनच्या नियमाप्रमाणे घड्याळाच्या उत्पादनखर्चाचा किमान ६० टक्के हिस्सा स्वित्झर्लंडमधला असावा लागतो. मशीन स्विस असणं, ते केसमध्ये (घड्याळाच्या बाहेरच्या डबीत) तिथेच बसवणं आणि अखेरची तपासणी तिथेच होणं, याही अटी आहेत. हा उगमाचा दाखला झाला, फेरविक्रीचा नव्हे.

‘लिमिटेड एडिशन घ्या’

मागे ‘इतक्यांपैकी इतकं’ कोरलेलं असणं म्हणजे पुरवठा मर्यादित. मागणीबद्दल तो आकडा काहीच बोलत नाही. वर्षाला पाच-सहा लिमिटेड एडिशन काढणाऱ्या ब्रँडची प्रत्येक एडिशन आधीच्या एडिशनचं गिऱ्हाईक खाते. शिवाय टंचाई खरी आहे की भासवलेली, हेही बघावं लागतं. मार्च २०२२ मध्ये स्वॉचने ओमेगासोबत काढलेलं मूनस्वॉच आलं तेव्हा रांगा लागल्या आणि पहिल्या काही दिवसांत ते कित्येक पट भावाने विकलं गेलं. ते मर्यादित नव्हतंच, दुकानांत येतच राहिलं आणि भाव बसला. वर्षानुवर्षं चालू असलेलं, स्टीलचं, ३६ ते ४१ मिलिमीटरचं, काळ्या, पांढऱ्या किंवा निळ्या डायलचं नेहमीचं मॉडेल तीन ते आठ वर्षं जुनं घ्यावं. पहिली मोठी घट आधीच्या मालकाने सोसलेली असते आणि विकताना गिऱ्हाईक शोधत बसावं लागत नाही.

‘जुनं घ्या आणि पॉलिश करून चमकवा’

पूर्वार्ध बरोबर, उत्तरार्ध घातक. पॉलिश म्हणजे धातू काढून टाकणं. जिथे पट्टा जोडतात त्या चार लगकडे भिंगातून बघा. मूळ केसवर घासलेला खरखरीत पृष्ठभाग आणि चकचकीत बाजू यांच्यामध्ये धारदार रेघ असते, काही मॉडेलांत तिरकी कापलेली कडही असते. दोन-तीनदा बफवर (पॉलिशच्या फिरत्या चाकावर) चढलेल्या केसची ती रेघ साबणाच्या वडीसारखी गोल होते, लग टोकाकडे बारीक होतात आणि पट्ट्याच्या पिनेची भोकं कडेला सरकल्यासारखी दिसतात. गेलेला धातू परत येत नाही. लेझर वेल्डिंगने भरता येतो, पण ते काम महाग आणि जाणकाराच्या नजरेला दिसणारं. ओरखडे असलेलं, न घासलेलं घड्याळ जास्त भावाने जातं ते याचसाठी.

डायलचं तर आणखी नाजूक. पुन्हा रंगवलेलं डायल हा जुन्या घड्याळाच्या किमतीला बसणारा सर्वांत मोठा फटका. दहापट भिंगाखाली अक्षरांच्या कडा बघा. मूळ छपाईची अक्षरं किंचित उठावदार आणि एकसारख्या जाडीची असतात, रंगवलेली पसरट असतात आणि मिनिटांच्या खुणा आकड्यांशी जुळत नाहीत. डायलच्या तळाशी ‘स्विस’ शब्दाच्या दोन्ही बाजूंना ‘टी’ अक्षर असेल, तर अंधारात चमकणारा रंग ट्रिटियम या किरणोत्सारी द्रव्याचा. ट्रिटियमचं अर्धायुष्य १२.३ वर्षं, एवढ्या काळात ते निम्मं होतं. म्हणजे १९८५ च्या घड्याळात आज मूळच्या आठव्या हिश्श्याहून कमी ट्रिटियम उरलेलं आहे. टॉर्च मारून दिवा घालवल्यावर असं डायल मिनिटभरही हिरवंगार उजळून राहिलं, तर रंग नंतर भरलेला आहे. काटे पांढरे आणि डायलच्या खुणा पिवळसर असतील, तर काटे बदललेले असण्याची शक्यता मोठी. त्याहून जुन्या, रेडियम या किरणोत्सारी द्रव्याच्या डायलला खरवडायला जाऊ नका. ती धूळ पोटात किंवा फुप्फुसात गेली तर अपायकारक आहे.

घड्याळ टायमिंग मशीनवर (टिकटिक ऐकून चाल मोजणाऱ्या यंत्रावर) लावून बघायला सांगा, आणि आकडे स्वतः वाचा. पूर्ण चावी दिलेलं, डायल वर करून ठेवलेलं निरोगी मशीन साधारण २७० ते ३१० अंशांचा झोका, म्हणजे आतल्या बॅलन्स चाकाचं फिरणं, दाखवतं. २३०-२४० दिसलं तर तेल वाळलंय किंवा झीज झालीय, सर्व्हिसिंगचे पैसे किमतीतून वजा करून बोला. बीट एरर (टिक आणि टॉक यांच्या अंतरातला फरक) ०.८ मिलिसेकंदाच्या आत हवी. इथे एक चलाखी किंवा नुसता निष्काळजीपणा होतो: यंत्रात लिफ्ट अँगल (प्रत्येक मशीनचा ठरलेला कोन) चुकीचा भरला की झोका खोटा दिसतो. एटा २८२४ ला ५० अंश, रोलेक्स ३१३५ ला ५२, ओमेगाच्या को-ॲक्सियल २५०० ला ३८. घड्याळ दिवसाला काही मिनिटं पुढे पळत असेल तर घाबरू नका, बहुधा चुंबकत्व चढलेलं असतं आणि ते क्षणात उतरवता येतं. विकणाऱ्याला हे ठाऊक नसेल तर तुमचा फायदाच.

आत ओल आहे का, हे तपासायची साधी रीत आहे. घड्याळ ४०-४५ अंशांपर्यंत कोमट करा, काचेवर गार पाण्याचा थेंब मिनिटभर ठेवा आणि पुसा. आतून धुकं धरलं तर पाणी शिरलेलं आहे. डायलवरच्या तपकिरी डागांना ‘ट्रॉपिकल’, म्हणजे उन्हाने रंग बदललेलं डायल, म्हणून जादा पैसे मागणाऱ्यासमोर हा प्रयोग जरूर करावा.

‘बॉक्स आणि कागद असले की झालं’

कागदावरचा नंबर केसवरच्या नंबराशी जुळला, तर तो कागद त्या केसचा आहे एवढं ठरतं. आतलं मशीन, डायल, काटे, बेझल (काचेभोवतीची कडी) त्याच घड्याळाचे आहेत का, हे कागद सांगत नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये जिनिव्हातल्या लिलावात ओमेगा स्पीडमास्टर २९१५-१ तीस लाख स्विस फ्रँकच्या वर गेलं. २०२३ मध्ये ओमेगानेच जाहीर केलं की ते वेगवेगळ्या घड्याळांचे भाग जोडून बनवलेलं होतं. विकत घेणारी होती खुद्द ओमेगाच, आपल्या संग्रहालयासाठी. घड्याळ बनवणारी कंपनी जिथे फसते, तिथे पुठ्ठ्याच्या खोक्याने किती निर्धास्त व्हावं? खोकी तर सुटी विकत मिळतात.

म्हणून मागचं झाकण उघडून मशीनचा फोटो घ्या आणि त्या मॉडेलमध्ये त्या सालात तेच मशीन येत होतं का ते जुळवा. केसचा नंबर द वॉच रजिस्टरसारख्या चोरीच्या घड्याळांच्या नोंदीत तपासून घ्या. कागद नसलेलं पण भाग जुळणारं घड्याळ, सर्व्हिसिंगच्या तारखेसह पावती असेल तर, पुष्कळदा जास्त चांगला सौदा ठरतं. आणि पट्ट्याच्या काढलेल्या कड्या मागून घ्या. विकताना पुढच्या माणसाचं मनगट जाड निघालं की त्या तीन कड्यांसाठी सौदा अडतो.

‘सोन्याचं घ्या, निदान सोनं तरी राहील’

राहील, पण दागिन्यातल्यासारखंच घडणावळ वजा जाता. १८ कॅरेट म्हणजे तीन चतुर्थांश सोनं. २० ग्रॅमच्या केसमध्ये शुद्ध सोनं १५ ग्रॅम. काट्यावर पूर्ण घड्याळ ठेवून वजन सांगणारा विक्रेता आतलं मशीन आणि काचही सोन्याच्या भावाने विकतोय. ‘२० मायक्रॉन’ लिहिलेलं असेल तर तो वरचा मुलामा आहे, मोडीत त्याचं जवळजवळ काही येत नाही.

‘घालू नका, कपाटात ठेवा’

न वापरल्याने झीज थांबते, वय थांबत नाही. तेल बसल्या जागी घट्ट होतं किंवा पसरतं, रबरी गॅस्केट (पाणी अडवणाऱ्या चकत्या) कडक होऊन फुटतात, दमट हवेत चावीचा दांडा गंजतो. वीस वर्षं कधीही न घातलेलं घड्याळसुद्धा चालू करण्याआधी सर्व्हिसिंगला द्यावं लागतं. नाहीतर कोरडं मशीन चालून झीज झपाट्याने होते. वाइंडरची, म्हणजे घड्याळ फिरवत ठेवून चावी देणाऱ्या पेटीची, गरज नाही. पर्पेच्युअल कॅलेंडर (लीप वर्षासह तारीख आपोआप राखणारं घड्याळ) सोडलं तर तो मशीन विनाकारण फिरवत ठेवतो. महिन्यातून एकदा हाताने चावी द्या. तारीख असेल तर रात्री ९ ते पहाटे ३ च्या दरम्यान झटपट-तारीख (काटे न फिरवता नुसती तारीख बदलायची सोय) फिरवू नका, कारण तेव्हा तारखेची दातेरी चाकं एकमेकांत गुंतलेली असतात आणि दात तुटतो.

चामड्याचा पट्टा काढून वेगळा ठेवा, तो ओल धरतो आणि खालच्या स्टीलला बारीक खड्डे पडतात. सिलिका जेलची पुडी टाका आणि ती अधूनमधून बदला. स्पीकर आणि फोनच्या कव्हरची चुंबकं दूर ठेवा. आणि घड्याळ क्वार्ट्झ असेल तर ठेवण्याआधी सेल काढा. गळलेला सेल सर्किट खातो, आणि बंद झालेल्या मॉडेलचं सर्किट मिळालं नाही तर पूर्ण मशीनच बदलावं लागतं.