कॅशे पुसल्याने निकाल लवकर दिसत नाही

दहावीच्या निकालाच्या दिवशी संकेतस्थळ उघडत नसेल तर ब्राउझरचा कॅशे, म्हणजे आधी पाहिलेल्या पानांच्या मोबाईलमध्ये जपून ठेवलेल्या फायली, पुसावा, म्हणजे पान लगेच उघडते, असा संदेश गोव्यात पेडण्यापासून काणकोणपर्यंतच्या पालकांच्या व्हॉट्सॲप गटांत फिरत आहे. हा दावा चुकीचा असून गर्दीच्या वेळी त्याचा परिणाम नेमका उलटा होतो.

पानावरील बोधचिन्ह, फॉन्ट आणि मांडणीच्या फायली ब्राउझर सहसा एकदा उतरवून जपून ठेवतो. त्यांची मुदत संपली तरी तो ‘इटॅग’ ही खूण पाठवून फाईल बदलली आहे का, एवढेच सर्व्हरला विचारू शकतो. बदल नसल्यास ३०४ हा उत्तरसंकेत येतो आणि फाईल पुन्हा पाठवली जात नाही. कॅशे पुसला की ही सगळी सामग्री नव्याने मागवावी लागते, आणि हजारो मोबाईलवरून एकाच वेळी तसे झाले, तर ज्या सर्व्हरने गुणपत्रके दाखवायची त्याच्यावरच हा अनावश्यक भार पडतो. गावात रेंज आधीच कमी असेल तर विद्यार्थ्याचे नुकसान दुहेरी होते.

‘निकाल लवकरच’ असे जुनेच पान दिसत राहिले, तर ते एकदा रिफ्रेश करणे बहुधा पुरेसे ठरते. ५०३ दिसल्यास मात्र सर्व्हर तात्पुरता सेवा देऊ शकत नाही, असे समजावे. त्या वेळी बिघाड आपल्या मोबाईलमध्ये नसतो, म्हणून काही मिनिटे थांबून पुन्हा प्रयत्न करावा.