लेबलवरचा आकडा म्हणजे पुरावा नव्हे

गेले काही दिवस एक मजकूर या ग्रुपवरून त्या ग्रुपवर फिरतो आहे. थोडक्यात तो असा: "विमानावर लेझर मारला म्हणून पोरांना आत टाकतात. खिशातला लेझर ५ मिलिवॅटचा, तसं त्यावर छापलेलंच असतं. तो विमानाचं काय वाकडं करणार? आणि आता म्हणे असले लेझर तपासायला गुन्हे प्रयोगशाळेत खास यंत्रं हवीत. भिंतीवर मारून बघा, झालं! अमेरिकेत तर एकाला यासाठी १४ वर्षं ठोकली." मी बरीच वर्षं प्रकाशशास्त्राची प्रात्यक्षिकं घेतली आहेत. हा मजकूर माझ्याच जुन्या विद्यार्थ्यांनी पुढे पाठवलेला पाहिला, म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितो आहे.

"विमानाचं काय वाकडं करणार?"

विमानाचं काहीच नाही. धोका असतो कॉकपिटमध्ये बसलेल्या माणसांच्या डोळ्यांना. साध्या पॉइंटरचा झोत साधारण एक किलोमीटरवर एक मीटर रुंद होतो. एवढं धरलं की बाकीचं गणित वहीत करता येतं. अमेरिकेच्या नागरी उड्डाण प्रशासनाने (एफएए) विमानतळाभोवतीच्या हवाई क्षेत्रासाठी मर्यादा घालून दिल्या आहेत. प्रत्येक चौरस सेंटिमीटरला ५ मायक्रोवॅटपेक्षा जास्त प्रकाश आला तर डोळे दिपून समोरचं दिसेनासं होऊ शकतं. त्याच्या शंभराव्या भागाएवढा, म्हणजे ५० नॅनोवॅट प्रकाशही लक्ष विचलित करायला पुरतो. खऱ्याखुऱ्या ५ मिलिवॅटच्या पॉइंटरसाठी ही अंतरं निघतात सुमारे ३५० मीटर आणि साडेतीन किलोमीटर. १०० मिलिवॅटचा असेल तर दीड किलोमीटरच्या पुढे आणि जवळपास १६ किलोमीटर.

आता उतरणारं विमान बघा. ३ अंशांच्या उतारावर येणारं विमान धावपट्टीपासून ५ किलोमीटरवर असतं तेव्हा जमिनीपासून जेमतेम पावणेतीनशे मीटर उंच असतं. घाटकोपर-कुर्ल्याच्या गच्चीवरून ते किती जवळ दिसतं, हे मुंबईकराला वेगळं सांगायला नको. म्हणजे लेबलशी प्रामाणिक असलेला पॉइंटरसुद्धा, विमानाच्या वाटेत थोडं पुढे उभं राहून मारला, तर त्या ३५० मीटरच्या आत येतो. रात्री वैमानिकाचे डोळे अंधाराला सरावलेले असतात. काचेवरच्या बारीक ओरखड्यांवर झोत पसरतो आणि सगळी काच हिरवी होते. मान फिरवावी, तर नेमकी तीच मिनिटं मान फिरवायची नसतात.

एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य करतो. इतक्या अंतरावरून वैमानिकाच्या डोळ्याला कायमची इजा होणं दुर्मीळ आहे. पण काही सेकंद न दिसणं कुठल्या क्षणी येतं, यावर सगळं अवलंबून असतं. एफएएकडे २०१० साली अशा २,८३६ तक्रारी आल्या होत्या. २०२३ मध्ये १३,३०४ आल्या.

"५ मिलिवॅट, तसं छापलेलंच असतं"

छापलेलं असतं, एवढंच खरं. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने (एनआयएसटी) १२२ पॉइंटर मोजले आणि २०१३ मध्ये निष्कर्ष मांडले: हिरव्यांपैकी जवळजवळ ९० टक्के आणि लाल पॉइंटरांपैकी सुमारे ४४ टक्के सुरक्षा नियमांत बसत नव्हते.

हिरव्यांची गोम त्यांच्या पोटात आहे. स्वस्त हिरव्या पॉइंटरमध्ये सुरुवातीला हिरवा प्रकाश तयारच होत नाही. आत ८०८ नॅनोमीटर तरंगलांबीचा अवरक्त (इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्याला न दिसणारा) प्रकाश देणारा डायोड असतो. त्याच्या जोरावर एक स्फटिक १०६४ नॅनोमीटरचा, तोही अदृश्य, प्रकाश देतो आणि दुसरा स्फटिक त्याची तरंगलांबी निम्मी करून ५३२ नॅनोमीटरचा हिरवा करतो. उरलेला अवरक्त प्रकाश अडवायला एक छोटी गाळणी लागते, आणि स्वस्तात विकायचं तर ती गाळणीच वगळली जाते. याच संस्थेने २०१० मध्ये असा एक पॉइंटर तपासला होता. लेबल १० मिलिवॅटचं, हिरवा प्रकाश मंद, आणि सोबत जवळपास २० मिलिवॅट अवरक्त. डोळ्याला तो दिसत नाही, त्यामुळे पापणीही मिटत नाही.

"भिंतीवर मारून बघा"

भिंतीवर तुम्हाला हिरवा ठिपका दिसेल, वरचा अवरक्त प्रकाश दिसणार नाही. ठिपका ४ मिलिवॅटचा की ६० चा, हेही डोळा सांगू शकत नाही. शिवाय सारख्याच शक्तीचा ५३२ नॅनोमीटरचा हिरवा आपल्याला ६५० नॅनोमीटरच्या लालपेक्षा सुमारे आठपट तेजस्वी वाटतो. मग अंदाजाने काय ठरवणार?

"ऑनलाइन मीटर मागवा", म्हणजे लेझरची शक्ती मोजणारा, असंही कुणीतरी खाली जोडलं आहे. स्वस्त मीटरात सिलिकॉनचा संवेदक असतो आणि त्याची संवेदनशीलता प्रत्येक तरंगलांबीला वेगळी. मीटर ५३२ वर लावला आणि झोतात ८०८ मिसळलेला असला, की आलेला आकडा ना हिरव्याचा ना अवरक्ताचा. म्हणून प्रयोगशाळेला उष्णतेवर चालणारा संवेदक लागतो, जो सगळ्या तरंगलांबींना जवळपास सारखाच प्रतिसाद देतो. त्याच्यापुढे गाळण्या बदलत दृश्य आणि अदृश्य भाग वेगळे मोजायचे. तरंगलांबी पाहायला वर्णपटमापी (स्पेक्ट्रोमीटर). झोत किती पसरतो हे दोन अंतरांवर मोजायची सोय, कारण वरचं सगळं गणित त्या पसरण्यावरच उभं आहे. आणि ७ मिलिमीटरचं छिद्र, म्हणजे अंधारात पूर्ण उघडलेल्या डोळ्याच्या बाहुलीएवढं.

यंत्रांपेक्षा शिस्त अवघड. सेल उतरलेला असला की शक्ती घटते, पॉइंटर तापला की आकडा हलतो. हिरवे तर याबाबतीत फारच लहरी. म्हणून जप्त झाला त्या अवस्थेतलं मोजमाप वेगळं, नव्या सेलवरचं वेगळं, आणि दोन्ही वेळेसह नोंदवलेली हवीत. हाताने धरून मोजायचं नाही, शिकंजात बसवायचं. मीटरच्या अंशांकनाचं (कॅलिब्रेशनचं) प्रमाणपत्र फाइलीत हवं, कारण बचावाचा वकील पहिला प्रश्न तोच विचारणार, आणि त्याने तो विचारायलाच हवा. खोलीला आतून बंद होणारं दार, झोत गिळणारा अडसर, त्या तरंगलांबीचे सुरक्षा चष्मे. एनआयएसटीने आपली मांडणी मुद्दाम बाजारात मिळणाऱ्या भागांतून, इतरांनाही कमी खर्चात जुळवता येईल अशी केली. डीएनए तपासणीच्या यंत्रापुढे हा खर्च किरकोळ आहे.

"१४ वर्षं ठोकली"

ही गोष्ट अर्धीच सांगितली जाते. कॅलिफोर्नियात क्लोव्हिसच्या एका तरुणाने २०१२ मध्ये मुलांच्या रुग्णालयाच्या आणि पोलिसांच्या हेलिकॉप्टरवर झोत मारला. लेझर परवानगीच्या १३ पट ताकदीचा निघाला आणि २०१४ मध्ये खरंच १४ वर्षांची शिक्षा झाली. पण २०१५ मध्ये अपील न्यायालयाने ज्या गंभीर कलमाखाली ती होती त्याखालचा दोषनिर्णयच रद्द केला. मानवी जिवांची पर्वा न करता त्याने हे केलं, याला पुरेसा पुरावा नाही, असं न्यायालय म्हणालं. उरला विमानावर लेझर रोखण्याचा साधा गुन्हा, ज्याला २०१२ च्या कायद्याने जास्तीत जास्त ५ वर्षं.

मला हा निकाल फार महत्त्वाचा वाटतो. १३ पटीचा आकडा धोका किती होता ते सांगतो, आरोपीला तो ठाऊक होता का हे सांगत नाही. म्हणूनच लेबलचा जवळून काढलेला फोटो हाही तपासणीचा भाग आहे. लेबलवर ५ असेल आणि मीटरवर ६०, तर विकत घेणारा फसला असण्याची शक्यता कागदावर येते. योग्य मोजमाप वैमानिकाच्या बाजूने जितकं बोलतं तितकंच प्रसंगी पोरांच्याही बाजूने बोलतं. अमेरिकेच्या त्या साध्या गुन्ह्याला शक्तीची अट नाही, मग मोजायचं कशाला, असं एका मित्राने विचारलं. जप्त वस्तू लेझर आहे, चालते, आणि तिचा रंग वैमानिकाने सांगितलेल्या रंगाशी जुळतो, एवढं तरी कुणीतरी शपथेवर सांगायला हवं ना?

आपल्याकडे मुंबईत विमानतळाच्या परिसरात लेझर झोतांना पोलीस वेळोवेळी मनाई करतात. विसर्जन मिरवणुकांतल्या लेझरमुळे नेत्रपटलाला इजा झालेले रुग्ण आपल्या नेत्रतज्ज्ञांनी पाहिले आहेत. कालिन्याची न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा तर विमानतळाच्या शेजारीच आहे. तिथे आणि प्रत्येक विभागीय प्रयोगशाळेच्या भौतिकशास्त्र विभागात वर सांगितलेल्या यंत्रांची मांडणी असलेला एक बाक असायला हवा, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि जप्ती करणाऱ्या हवालदारदादांना एक विनंती: चालतो का बघायला बटण दाबू नका, भिंतीवर तर मुळीच मारू नका. भिंत गुळगुळीत असेल तर परतलेला झोत तुमच्याच डोळ्यात येईल, आणि सेल जितका उतरेल तितका प्रयोगशाळेतला पहिला आकडा खोटा पडेल. लेबलचा फोटो काढा, सेल बाहेर काढून त्याच पाकिटात वेगळे ठेवा, आणि सील करा.